11 पैकी 11 शर्यती जिंकणारी टीम उभारणारा ब्रूस मॅकलारेन, आणि तो गेल्यानंतरचे 12 दिवस

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते. दर रविवारी तोच जिंकतो, मग बघायचं काय?

तक्रार खोटी नाही. 2023 साली रेड बुलनं 22 पैकी 21 शर्यती मारल्या. त्याआधी मर्सिडीजनं 2014 ते 2021 अशी सलग आठ वर्षं टीमचं विजेतेपद कुणाला हात लावू दिलं नाही. त्याच्याही आधी 2000 ते 2004 शूमाकर आणि फेरारीचं राज्य होतं. आपल्याकडे ग्रेटर नोएडात तीन वर्षं इंडियन ग्रां प्री झाली, 2011, 2012 आणि 2013. तिन्ही वेळा जिंकला सेबास्टियन व्हेटेल, तिन्ही वेळा गाडी रेड बुलची.

मुंबईकरांना खरं तर हे नवं वाटायला नको. 1958-59 ते 1972-73 या काळात मुंबईनं सलग 15 वेळा रणजी करंडक उचलला होता. बाकीच्या टीम फायनलला यायच्या त्या दुसरा नंबर ठरवायला.

मुंबईचा हा दबदबा सुरू होता, त्याच काळात तिकडे अमेरिका आणि कॅनडात मोटर रेसिंगमध्ये एक टीम असंच काहीतरी करत होती. 1969 च्या मोसमात कॅन-ॲम नावाच्या स्पर्धेत 11 शर्यती होत्या. या टीमनं 11 च्या 11 जिंकल्या. त्यातल्या सहा टीमच्या मालकानं स्वतः गाडी चालवून जिंकल्या आणि पाच त्याच्या मित्रानं.

पुढच्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या 12 दिवस आधी तो मालक टेस्टिंग करताना गेला. वय 32.

त्याचं नाव ब्रूस मॅकलारेन. आज मॅकलारेन म्हटलं की केशरी गाड्या आठवतात, सेना आणि प्रोस्ट आठवतात, नाहीतर कोट्यवधींची स्पोर्ट्स कार आठवते. पण हे एका माणसाचं आडनाव आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

तर गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमधून.

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, ऑकलंडचा. वडील लेस मॅकलारेन यांचा रेमुएरा भागात पेट्रोल पंप आणि त्याला लागून गॅरेज. वडील स्वतः हौशी रेसर. त्यामुळं पोराचं बालपण पाने, जॅक आणि ऑइलच्या वासातच गेलं. शाळा सुटली की गॅरेज, हा ठरलेला कार्यक्रम.

नऊ वर्षांचा असताना त्याचा कमरेचा सांधा दुखायला लागला. निदान झालं पर्थेस नावाच्या आजाराचं. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि हाड ठिसूळ होऊन झिजतं. त्या काळात यावर उपाय एकच होता, पाय ताणून बांधायचा आणि पोराला झोपवून ठेवायचं. ऑकलंडच्या विल्सन होममध्ये ब्रूसनं जवळपास दोन वर्षं अशी काढली. पुन्हा चालता येईल की नाही याचीच शंका होती. चालायला लागला, पण डावा पाय आखूड राहिला तो कायमचा. पुढं जगातल्या सगळ्यात ताकदवान गाड्या ज्या माणसानं चालवल्या, तो गाडीतून उतरला की लंगडत चालायचा.

वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आणली होती. इंजिन 750 सीसीच्या आसपासचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती 800 पेक्षाही लहान. गाडी अक्षरशः सुट्या भागांत होती. दुरुस्त करून विकायची आणि चार पैसे सुटतात का बघायचं, एवढाच विचार होता. ब्रूस गाडीवरून उठेना. शेवटी बापलेकांनी मिळून ती जोडली आणि ती गाडी विकली गेलीच नाही.

पहिली स्पर्धा होती मुरीवाईला. मुंबईकर जसा सुट्टीच्या दिवशी मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोट पकडतो आणि खाडी ओलांडून मनोरीच्या किनाऱ्यावर जातो, तसा ऑकलंडकर मुरीवाई गाठतो. शहराच्या पश्चिमेला, काळ्या वाळूचा किनारा आणि मागं चढाचा रस्ता. त्या चढावर एकेका गाडीनं वर जायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. 1952 मध्ये हा शाळकरी पोरगा तिथं ती अल्स्टर घेऊन उभा राहिला.

पुढची पाच-सहा वर्षं भराभर गेली. मोठ्या गाड्या आल्या, इंजिनिअरिंगला प्रवेश झाला, रेसिंगपायी ते शिक्षण अर्धवट सुटलं. न्यूझीलंडमध्ये शर्यती खेळायला येणारा ऑस्ट्रेलियन ड्रायव्हर जॅक ब्रॅबम या पोरावर लक्ष ठेवून होता. 1958 मध्ये तिथल्या ग्रां प्री संघटनेनं एक योजना काढली, दरवर्षी एका होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवायचं. पहिला नंबर ब्रूसचा लागला. त्याच वर्षी जर्मन ग्रां प्रीत फॉर्म्युला वन आणि फॉर्म्युला टू गाड्या एकत्र धावल्या. हा पोरगा फॉर्म्युला टूमध्ये पहिला आला आणि सगळ्या गाड्या धरून पाचवा.

इंग्लंडमध्ये त्याला जागा मिळाली कूपर टीममध्ये. दबदबा म्हणजे काय हे तो आधी इथं शिकला.

तेव्हाच्या बहुतेक रेसिंग गाड्यांचं इंजिन पुढं असायचं. कूपर बापलेकांनी ते ड्रायव्हरच्या पाठीमागं बसवलं. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, वळणावर पटकन वळायला लागली. फेरारीच्या मानानं कूपर म्हणजे गल्लीतलं गॅरेज. पण 1959 आणि 1960, दोन्ही वर्षं जॅक ब्रॅबम जगज्जेता आणि कूपर जगज्जेती टीम.

1959 ची शेवटची शर्यत अमेरिकेत सेब्रिंगला होती. ब्रॅबम पुढं होता आणि शेवटच्या फेरीत त्याचं पेट्रोल संपलं. तो गाडी ढकलत ढकलत चौथा आला आणि जगज्जेता झाला. त्याच्या मागून येणारा ब्रूस पुढं निघून शर्यत जिंकला. वय 22. इंडियानापोलिसची वेगळी शर्यत सोडली तर इतक्या कमी वयात फॉर्म्युला वनची शर्यत तोवर कुणी जिंकली नव्हती. हा विक्रम मोडायला 2003 उजाडलं, मोडणारा फर्नांडो अलोन्सो.

पण 1961 ला नियम बदलले. इंजिन अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणायचं ठरलं. फेरारी तयारीत होती, इंग्रज टीम भांडत बसल्या. पहिल्या शर्यतीपासून कूपर मागं पडली. इंजिन मागं बसवायची युक्ती तोवर सगळ्यांनी उचलली होती, आणि कूपरकडं दुसरी युक्ती नव्हती. ब्रॅबम टीम सोडून स्वतःची टीम काढायला गेला. ब्रूस राहिला. 1962 मध्ये त्यानं मोनॅको जिंकलं, पण टीमची घसरण थांबली नाही.

त्याला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या टास्मन मालिकेसाठी खास गाड्या हव्या होत्या. मोठ्या कूपरसाहेबांनी खर्चाला नकार दिला. मग 1963 मध्ये ब्रूसनं स्वतःची कंपनी काढली, ब्रूस मॅकलारेन मोटर रेसिंग. सोबत होते वॉली विल्मॉट नावाचा न्यूझीलंडचाच मेकॅनिक, टायलर अलेक्झांडर हा अमेरिकन मेकॅनिक आणि टिम मेयर हा तरुण अमेरिकन ड्रायव्हर. टिमचा भाऊ टेडी मेयर वकील होता, तोही येऊन मिळाला.

1964 ची टास्मन मालिका ब्रूसनं जिंकली. पण ती साजरी करावी अशी राहिली नाही. 28 फेब्रुवारीला टास्मानियातल्या लाँगफर्डच्या रस्त्यावर सराव करताना टिम मेयरची गाडी झाडावर आदळली आणि तो गेला. नव्या टीमचा पहिलाच मोसम आणि त्यातच एक जीव गेला. ब्रूस एका इंग्रजी रेसिंग साप्ताहिकात सदर लिहायचा. त्यात त्यानं टिमवर श्रद्धांजली लिहिली. सहा वर्षांनी लोकांनी तीच पुन्हा काढून वाचली, त्याच्यासाठी.

टेडी मेयर परत गेला नाही. भावाच्या मृत्यूनंतर तो ब्रूसच्या कंपनीत पैशांचा आणि कारभाराचा हिशेब बघायला लागला. ब्रूस सगळ्यांशी हसून बोलणारा, टेडी तिरसट. ही जोडी जमली.

आता कारखान्याचं बघा. लंडनच्या बाहेर न्यू माल्डनला एक शेड. ती पण पूर्ण आपली नाही, जमीन सपाट करायच्या यंत्रांच्या शेजारी जागा. अंधारी, धुळीची, जमीन ओबडधोबड. तिथून फेल्टम, मग हीथ्रो विमानतळाजवळ कोलनब्रुक. अमेरिकन ड्रायव्हर आणि व्यावसायिक रॉजर पेन्स्के याच्याकडची झेरेक्स स्पेशल नावाची एक गाजलेली स्पोर्ट्स कार ब्रूसनं विकत घेतली, उघडली, कापली, तिच्यात मोठं इंजिन बसवलं. त्या गाडीवर हात बसला तेव्हा स्वतःची पहिली स्पोर्ट्स कार बनवली. पेन्स्केचं नाव लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

ब्रूस गाडी कशी घडवायचा याचा एक किस्सा रेसिंगवाल्यांमध्ये नेहमी सांगितला जातो. टेस्टिंग करताना त्याला दिसलं की गाडीच्या नाकावरचं पेट्रोल टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही, ते फडफडतंय. आधी तो चिडला. मग त्याच्या डोक्यात आलं, वेग वाढला तर वाऱ्यानं हे झाकण दाबलं जायला हवं, उलट जास्तच उडतंय. याचा अर्थ झाकणाच्या खाली हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त आहे. रेडिएटरमधून आत शिरलेली हवा अडकून पडतेय. तो पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागं गाडीचा पत्राच कापून टाकला. पुन्हा बसला आणि आधीपेक्षा वेगात फेऱ्या मारायला लागला. त्या भोकांच्या नाकपुड्या झाल्या आणि मॅकलारेनच्या गाड्यांवर ती खूण अजून दिसते.

त्याची खरी ताकद इथं होती. त्याच्यापेक्षा वेगवान ड्रायव्हर त्या काळात होते, जिम क्लार्क होता, जॅकी स्टुअर्ट होता. त्याच्यापेक्षा शिकलेले इंजिनिअर त्याच्याच कंपनीत होते. पण गाडी चालवताना तिला नेमकं काय होतंय ते ओळखायचं, खाली उतरून मेकॅनिकला कळेल अशा भाषेत सांगायचं आणि लागलं तर स्वतः कात्री हातात घ्यायची, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणं दुर्मीळ होतं.

1966 हे वर्ष त्याच्यासाठी विचित्र गेलं. जूनमध्ये त्यानं ख्रिस एमनसोबत फोर्डच्या गाडीतून ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. फोर्ड आणि फेरारीच्या भांडणावरचा 2019 चा हॉलिवूडचा सिनेमा पाहिला असेल तर शेवट आठवेल. फोर्डच्या गाड्या फोटोसाठी एकत्र रेषा ओलांडतात, पण ब्रूसची गाडी सुरुवातीला मागून सुटलेली असल्यानं तिनं जास्त अंतर कापलं असं धरून विजय तिला दिला जातो. केन माइल्सवर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, त्या निकालात पलीकडचा माणूस हा. आणि माइल्सच्या गाडीतला दुसरा ड्रायव्हर होता डेनी हल्म, तोही न्यूझीलंडचाच.

स्वतःच्या टीमचं मात्र त्या वर्षी काही खरं नव्हतं. फॉर्म्युला वनमध्ये मॅकलारेनची पहिली गाडी मोनॅकोला उतरली. तिचा सांगाडा विमानांसाठी बनलेल्या पत्र्याचा होता, दोन ॲल्युमिनियमच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड. कल्पना भारी, पण इंजिन जड, आवाज कान फाडणारा आणि ताकद कमी. पैसा नुसता जात होता.

पैसा आला कॅन-ॲममधून.

कॅनडा आणि अमेरिकेत 1966 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा. नियम जवळजवळ नव्हतेच. गाडीला दोन माणसांची जागा हवी आणि चाकं बॉडीनं झाकलेली हवीत, बाकी इंजिन कितीही मोठं लावा. फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाला तीन लिटरची मर्यादा होती, इथं सात लिटरचं शेवरले व्ही 8 लावलं जायचं आणि ते सहाशेच्या वर हॉर्सपॉवर द्यायचं. बक्षिसाची रक्कमही तगडी. पहिल्या वर्षी विजेतेपद गेलं लोला गाडी चालवणाऱ्या जॉन सर्टीसकडं. ब्रूसच्या टीमला एकही शर्यत जिंकता आली नाही.

1967 साठी त्यानं केलेली गोष्ट सांगायला सोपी आहे, करायला अवघड. गाडी वेळेत तयार केली.

हसू नका. त्या काळात बहुतेक टीमची गाडी पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री पूर्ण व्हायची. मेकॅनिक रात्रभर जागायचे, सकाळी गाडी ट्रॅकवर उतरायची, आणि पहिल्या दोन-तीन शर्यती चुका शोधण्यात जायच्या. ब्रूस आणि त्याचा डिझायनर रॉबिन हर्ड यांनी नवी गाडी मोसमाच्या कितीतरी आधी तयार करून इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर नेली. आणि मग टेस्टिंग, टेस्टिंग, टेस्टिंग. एक स्प्रिंग बदल, फेऱ्या मार. टायरमधली हवा बदल, फेऱ्या मार. सुटं होणारं जे काही आहे ते इथंच सुटं होऊ दे, शर्यतीत नको. हर्ड हा विमानाच्या संशोधनातून आलेला माणूस, त्याला ही पद्धत नवी नव्हती. रेसिंगला होती.

रंग दिला पपईच्या गराचा. आजही मॅकलारेनचे चाहते त्या रंगाला पपया म्हणतात. दुसरी गाडी दिली डेनी हल्मला. डेनी त्याच वर्षी ब्रॅबमच्या टीममधून फॉर्म्युला वनचा जगज्जेता होणार होता. ब्रूस हसरा, डेनीचं टोपणनाव अस्वल. दोघांचं बालपण न्यूझीलंडमधलं, दोघं एकाच योजनेतून युरोपात आलेले.

सहा शर्यती झाल्या. पहिल्या तीन डेनीनं घेतल्या, पुढच्या दोन ब्रूसनं. शेवटची तेवढी सर्टीसनं वाचवली. विजेतेपद ब्रूसचं.

इथून पुढं पाच वर्षं दुसऱ्या कुणाला संधीच मिळाली नाही.

1968 मध्ये डेनी विजेता. त्या वर्षी टीमनं सहापैकी चार जिंकल्या. उरलेल्या दोन कुणी जिंकल्या? मार्क डोनाह्यू आणि जॉन कॅनन यांनी, आणि दोघांच्या बुडाखाली मॅकलारेनच्याच जुन्या गाड्या! कारण ब्रूसची कंपनी मागच्या मॉडेलच्या गाड्या बनवून बाकीच्यांना विकायची. म्हणजे तुम्हाला मॅकलारेनला हरवायचं असेल तर बाजारात मिळणारी सगळ्यात चांगली गाडीही मॅकलारेनचीच, फक्त एक-दोन वर्षं मागची. प्रतिस्पर्ध्यांचा पैसा गल्ल्यात यायचा आणि त्यातून पुढच्या वर्षीची गाडी बनायची. दुकानदारीत याहून बरा हिशेब सापडणं अवघड आहे.

त्याच वर्षी 9 जूनला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर मॅकलारेन टीमनं फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकली. चालवत होता ब्रूसच. पण त्याला पत्ताच नव्हता. पुढं असलेल्या स्टुअर्टला शेवटच्या टप्प्यात पेट्रोलसाठी थांबावं लागलं, आणि ब्रूस आपण दुसरे आलो असं समजून गाडी लावायला गेला. जिंकलास म्हणून दुसऱ्यानं सांगितलं तेव्हा त्याला कळलं. स्वतःच्या टीमच्या गाडीतून ग्रां प्री जिंकणारे त्याच्याआधी दोघंच होते, जॅक ब्रॅबम आणि डॅन गर्नी.

मग आलं 1969, सुरुवातीला सांगितलेलं 11 पैकी 11 चं वर्ष. त्या गाडीच्या मागच्या बाजूला उंच खांबांवर एक पंख होता. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला पंख गाडीला जमिनीवर दाबायचा, त्यामुळं वळणावर टायर घट्ट पकडून राहायचे. ब्रूस सहा, डेनी पाच. मिशिगनच्या शर्यतीत तर त्यांनी जास्तीची ठेवलेली तिसरी गाडी गर्नीला चालवायला दिली आणि पहिला ब्रूस, दुसरा डेनी, तिसरा गर्नी असा निकाल लागला. लोक कॅन-ॲमला ब्रूस आणि डेनीचा शो म्हणायला लागले. कंटाळा येतो अशी तक्रार तेव्हाही झाली. तरी ट्रॅकवर गर्दी कमी होत नव्हती, कारण ती केशरी गाडी सात लिटरच्या गडगडाटासह समोरून जाताना बघायला मिळणं हेच पुरेसं होतं.

घरी पत्नी पॅटी आणि चार वर्षांची मुलगी अमांडा. कंपनी आता फॉर्म्युला वन, कॅन-ॲम आणि अमेरिकेतली इंडियानापोलिस 500 अशा तीन आघाड्यांवर लढत होती.

1970 चा मे महिना. इंडियानापोलिसला सराव करताना डेनीच्या गाडीचं इंधनाचं झाकण उघडलं आणि मिथेनॉल बाहेर आलं. मिथेनॉलच्या आगीची ज्वाळा उजेडात दिसतही नाही. डेनीचे दोन्ही हात भाजले. कॅन-ॲमचा मोसम तोंडावर आणि टीमचा एक ड्रायव्हर हातांना बँडेज बांधून बसलेला.

2 जून, मंगळवार. ब्रूस नवी कॅन-ॲम गाडी घेऊन गुडवुडला गेला. उंच पंखांवर आता बंदी आली होती, त्यामुळं नव्या गाडीचा पंख मागच्या दोन उभ्या कल्ल्यांमध्ये बसवलेला होता. तेच ठिकाण, तेच काम. थोडा बदल करायचा, फेऱ्या मारायच्या, परत यायचं.

ट्रॅकच्या सरळ भागात, पूर्ण वेगात असताना गाडीच्या मागच्या बॉडीचा भाग सुटून वर उचलला गेला. पंख त्याच भागावर. गाडीला जमिनीवर दाबून ठेवणारं बळ एका क्षणात नाहीसं झालं. गाडी गरगरली, ट्रॅकबाहेर गेली आणि पूर्वी मार्शल लोक उभे राहायचे त्या पक्क्या बांधकामावर आदळली. ब्रूस जागीच गेला.

ज्या सवयीनं टीमला पाच वर्षं पुढं ठेवलं, त्याच सवयीत तो गेला. शर्यत नव्हती, शेजारी कुणी दुसरी गाडी नव्हती, बक्षीस नव्हतं. सुटं व्हायचं ते इथंच होऊ दे म्हणून तर तो गुडवुडला जायचा.

कोलनब्रुकच्या कारखान्यात बातमी आली. लोकांना घरी जायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी येऊ नका असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर हजर होते.

7 जूनच्या बेल्जियन ग्रां प्रीला टीम गेली नाही. पण 14 जूनला कॅनडात मोसपोर्टला कॅन-ॲमची पहिली शर्यत होती. टेडी मेयर, टायलर अलेक्झांडर, ब्रूसचा न्यूझीलंडपासूनचा मित्र फिल कर आणि बाकीचे, सगळ्यांच्या समोर एकच प्रश्न होता. कारखाना चालवायचा की कुलूप लावायचं? मालक, मुख्य टेस्ट ड्रायव्हर आणि दोनपैकी एक रेसर, तिन्ही एकाच दिवशी गेले होते. दुसऱ्याला स्टिअरिंग धरता येत नव्हतं. गाडीच्या मागच्या बॉडीचा भाग सुटला होता आणि तशाच गाड्या 12 दिवसांत शर्यतीला उतरवायच्या होत्या.

त्यांनी गर्नीला फोन केला. गर्नी आला, आणि नव्या गाडीत फार ओळख नसतानाही पहिल्या जागेवरून सुटून शर्यत जिंकला. डेनी बँडेज बांधलेल्या हातांनी सगळी शर्यत चालवून तिसरा आला.

पुढची शर्यतही गर्नीनं जिंकली. मग त्याच्या आणि टीमच्या ऑइल स्पॉन्सरचं जुळेना म्हणून तो बाजूला झाला आणि पीटर गेथिन आला. डेनीचे हात बरे होत गेले तसा तो जिंकत गेला. 1970 च्या 10 पैकी नऊ शर्यती मॅकलारेन टीमच्या, विजेता डेनी हल्म. 1968 च्या शेवटच्या दोन शर्यतींपासून मोजलं तर टीमनं सलग 19 जिंकल्या होत्या. 1971 मध्ये पीटर रेव्हसन विजेता, 10 पैकी आठ. पाच वर्षांत 43 शर्यती, त्यातल्या 37 या एका टीमच्या. त्यातल्या 17 ब्रूस गेल्यानंतरच्या.

एखादी टीम सतत जिंकत असली की आपण एका माणसाचं नाव घेतो. शूमाकरची फेरारी, व्हेटेलची रेड बुल. मॅकलारेनच्या बाबतीत तो माणूस मधूनच उचलला गेला आणि तरी आकडे फारसे हलले नाहीत. कारण ब्रूसनं गाड्यांबरोबर एक वेळापत्रक बनवलं होतं, कोणतं काम कधी संपलं पाहिजे याचं, आणि ते पाळणारी माणसं.

हा दबदबा संपला तो 1972 मध्ये. पोर्शं टर्बो इंजिन लावलेली गाडी घेऊन आली, ताकद मॅकलारेनच्या कितीतरी पुढं. गाडी मोसमाआधी महिनोन् महिने ट्रॅकवर घासून तयार केलेली. टेस्टिंग करणारा मार्क डोनाह्यू, आणि पोर्शंची ती टीम चालवत होता रॉजर पेन्स्के. ब्रूसला झेरेक्स गाडी विकणारा तोच. ब्रूसची पद्धत त्याच्यावरच उलटवली गेली म्हणा हवं तर. त्या मोसमानंतर मॅकलारेननं कॅन-ॲम सोडलं आणि सगळं लक्ष इतरत्र लावलं.

1974 मध्ये एमर्सन फिट्टिपाल्डीमुळं फॉर्म्युला वनचं पहिलं जगज्जेतेपद आलं, ड्रायव्हरचंही आणि टीमचंही. 1976 मध्ये जेम्स हंट. 1980 मध्ये रॉन डेनिसची कंपनी मॅकलारेनमध्ये मिसळली, हळूहळू जुनी माणसं गेली. 1988 मध्ये आयर्टन सेनानं आठ आणि अलेन प्रोस्टनं सात अशा 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. केशरी रंग तोवर गेला होता, गाड्या लाल-पांढऱ्या झाल्या होत्या. तो नंतर परत आला, आणि 2024 मध्ये 26 वर्षांनी टीमचं जगज्जेतेपद आलं ते त्याच पपईच्या रंगात.

डेनी हल्म 1992 मध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या शर्यतीत, गाडी चालवतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. शेवटच्या क्षणी त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली होती.

इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅकलारेनचं आताचं मुख्यालय आहे. काचेची भिंत, बाहेर तळं, आत एका लांबलचक मार्गावर जगज्जेत्या गाड्या रांगेत लावलेल्या. सेनाची आहे, हंटची आहे. त्याच रांगेत एक अगदी बुटकी, बारीक चाकांची जुनी गाडी उभी आहे. ती मॅकलारेननं बनवलेली नाही. मुरीवाईच्या चढावर गेलेली ती ऑस्टिन सेव्हन अल्स्टर.